नोंद कोणाची, ताबा कोणाचा? आदिलाबादच्या आदिवासी चित्रणाचा आढावा

आदिलाबादच्या गोंड-कोलामांचे १९४०च्या दशकातले जगणे आज पाहायचे, तर तीन ठिकाणी जावे लागते. पहिले ठिकाण लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेतला हायमेनडॉर्फ संग्रह. त्यातली हजारो छायाचित्रे आता संगणकावरही पाहता येतात. दुसरे हैदराबादेत मासाब टँकला असलेले नेहरू शताब्दी आदिवासी संग्रहालय आणि तिसरे जोडेघाटचे कुमराम भीम स्मारक व संग्रहालय. तिन्ही ठिकाणी चेहरे आदिवासींचे आहेत, पण काय मांडायचे, कोणत्या क्रमाने मांडायचे आणि चित्राखाली काय लिहायचे हे संस्था ठरवते.

यातून उभा राहणारा प्रश्न जगभरच्या कलादालनांत आणि विद्यापीठांत गेली चार दशके चर्चेत आहे. माणसांची चित्रे घेणे, त्यांच्या वस्तू गोळा करणे आणि त्यांचे नृत्य मंचावर आणणे हे कौतुक की पाळत? की दोन्ही? आदिलाबाद हे या चर्चेसाठी नेमके उदाहरण आहे. इथला सर्वांत मोठा चित्रसंग्रह एका बंडानंतर सरकारने सोपवलेल्या कामातून उभा राहिला, आणि तो उभा करणारा अभ्यासक स्वतः सरकारी नजरेखाली होता.

या लेखात आदिलाबाद म्हणजे जुना, अविभाजित जिल्हा. २०१६च्या फेररचनेनंतर जोडेघाट, मार्लवाई आणि उशेगाव ही गावे कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेली. इंद्रवेल्ली, केस्लापूर आणि गुंजाळा आदिलाबाद जिल्ह्यात राहिली. त्याहून मागे गेलो, तर १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुराही याच जिल्ह्यात होते. त्यामुळे हा विषय नांदेड-चंद्रपूरच्या वाचकाला परका नाही.

पार्श्वभूमी : कॅमेरा आणि कचेरी

भारतात कॅमेरा आला आणि थोड्याच वर्षांत सरकारी कामाला लागला. १८५७च्या उठावानंतर इंग्रज सरकारला आपल्या प्रजेची ओळख पटवून घेण्याची घाई झाली होती. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा सचित्र ग्रंथ निघाला. त्यात जातीजमातींची छायाचित्रे होती आणि त्यांच्या स्वभावाबद्दल, राजनिष्ठेबद्दल शेरेही होते. याच काळात, १८७१मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि काही समाजांवर जन्मापासून हजेरीची सक्ती झाली. बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८मध्ये राज कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला होता. बोटांच्या ठशांवरून ओळख पटवण्याच्या पद्धतीचा एक उगम तिथे सापडतो.

छायाचित्रणाचे अभ्यासक ख्रिस्तोफर पिनी यांनी ‘कॅमेरा इंडिका’ (१९९७) या पुस्तकात वसाहतकाळातल्या चित्रणाच्या दोन रीती वेगळ्या केल्या. एक रीत नष्ट होऊ घातलेल्या समाजाची शेवटची नोंद म्हणून चित्र घेते. दुसरी रीत ओळख पटवण्यासाठी, माग काढण्यासाठी घेते. पहिलीत हळहळ असते, दुसरीत संशय. आदिलाबादच्या बाबतीत या दोन रीती एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की त्या सोडवताना अभ्यासकांची अजूनही दमछाक होते.

जोडेघाटनंतरचे मार्लवाई

निजामाच्या राज्यात जंगल राखीव करण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा गोंड-कोलामांची शेती बेकायदा ठरू लागली. वनरक्षकांची वसुली, बाहेरून आलेल्या जमीनदारांनी बळकावलेल्या जमिनी आणि कागद वाचता न येणारे शेतकरी अशी सगळी परिस्थिती होती. जल, जंगल, जमीन यांवरच्या हक्कासाठी कुमराम भीमने जोडेघाटच्या डोंगरात शस्त्र उचलले. १९४०मध्ये तो पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. दरवर्षी आश्विन पौर्णिमेला जोडेघाटला त्याची आठवण जागवली जाते.

बंड मोडले, पण ते का झाले हे सरकारला कळेना. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ (१९०९–१९९५) या मानववंशशास्त्रज्ञाकडे हे काम आले. ते जन्माने व्हिएन्नाचे. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यामुळे १९३९मध्ये युद्ध पेटले तेव्हा त्यांच्या हाती जर्मन पासपोर्ट होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांच्या हालचालींवर बंधने आली आणि हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली. चेंचू आणि कोंडा रेड्डी यांच्यावरचे काम आटोपून ते पत्नी बेट्टी यांच्यासह आदिलाबादला आले आणि मार्लवाईला झोपडी बांधून राहिले.

त्यांच्या अहवालांत वनखात्यावर आणि महसूल यंत्रणेवर स्पष्ट टीका आहे. त्यातून काही ठोस गोष्टी घडल्या. १९४३मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. या भागात दुसरी भाषा म्हणून मराठी रुळलेली असल्याने गोंडी वाचनमाला देवनागरीत छापली गेली. जमिनीचे पट्टे वाटले गेले, आदिवासी क्षेत्रासाठी वेगळे नियम आले. याच यंत्रणेत पुढे सेतुमाधवराव पगडी आदिलाबादला अधिकारी म्हणून आले. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण त्यांनी गोंडी भाषा शिकून तिचे व्याकरण लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तकही लिहिले.

छायाचित्रे याच वर्षांतली आहेत. पेरसापेन या कुळदेवाची पूजा, दंडारी नाचाचे फड, मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नर्तक, किकरी हे तंतुवाद्य वाजवणारे परधान, मातीच्या साच्यावर मेण चढवणारे ओझा. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ (१९४८) या ग्रंथातून ती जगापुढे गेली. फोटोखाली जमातीचे, गावाचे, विधीचे नाव असते. माणसाचे नाव असतेच असे नाही.

इंद्रवेल्ली : स्मारकावरचा पहारा

२० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला आदिवासींची सभा ठरली होती. परवानगी नाकारली गेली. बाजाराच्या दिवशी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा आहे; आदिवासी संघटना त्याहून पुष्कळ मोठा आकडा सांगतात. मृतांच्या आठवणीसाठी तिथे उभारलेला स्तूप १९८०च्याच दशकात पाडला गेला आणि नंतर पुन्हा बांधला गेला. पुढे कित्येक वर्षे २० एप्रिल आला की जमावबंदी लागे आणि स्तूपापाशी बंदोबस्त बसे. तेलंगण राज्याच्या निर्मितीनंतर हळूहळू वातावरण निवळले आणि आता तिथे स्मृतिवनाची योजना आहे.

या आढाव्यात इंद्रवेल्लीला वेगळी जागा द्यावी लागते, कारण प्रदर्शनाच्या चर्चेत बहुधा दालनातल्या चित्रांचाच विचार होतो. इथे समाजाने स्वतः उभारलेल्या आठवणीवरच पहारा होता. एकीकडे गुसाडी नृत्याला सरकारी सोहळ्यांत मान मिळत होता, तर दुसरीकडे त्याच समाजाला आपल्या मृतांपाशी जमायला मनाई होती. संस्कृती दाखवायला परवानगी आणि इतिहास दाखवायला बंदी, हा फरक पुढच्या सगळ्या मतभेदांच्या मुळाशी आहे.

मुख्य भूमिका

या विषयावर आज ढोबळमानाने चार भूमिका दिसतात.

पहिली भूमिका नोंदीला संरक्षण मानते. तिचा युक्तिवाद साधा आहे. हायमेनडॉर्फ आले नसते तर जमिनीचे पट्टे आणि मार्लवाईची शाळा झाली नसती आणि आज ज्या विधींचे तपशील वृद्धांनाही आठवत नाहीत ते कायमचे गेले असते. १९७०च्या दशकात ते पुन्हा याच गावांत हिंडले आणि ‘ट्राइब्स ऑफ इंडिया’ (१९८२) या पुस्तकात जुन्या-नव्या परिस्थितीची तुलना करून जमिनी कशा हातच्या गेल्या हे त्यांनी मांडले. जुनी नोंद नसती तर ही तुलनाच शक्य झाली नसती. या भूमिकेच्या बाजूने मार्लवाईचे लोकही उभे राहतात. बेट्टी यांची समाधी तिथे आहे, हायमेनडॉर्फ यांच्या अस्थीही पुढे तिथेच आणल्या गेल्या आणि ११ जानेवारीला, बेट्टी यांच्या स्मृतिदिनी, गाव त्यांना मानवंदना देते.

दुसरी भूमिका नोंदीला राज्ययंत्राचे हत्यार मानते. मिशेल फूको यांनी १९७५मध्ये पाहण्याचा आणि शिस्तीचा संबंध मांडला. ॲलन सेक्युला यांनी १९८६मध्ये पोलिसी छायाचित्र आणि सभ्य घरातले व्यक्तिचित्र ही एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत असे दाखवले. दख्खनच्या गोंडांचा इतिहास लिहिणारे भंग्या भुक्या यांनी ‘द रूट्स ऑफ द पेरिफेरी’ (२०१७) या ग्रंथात राज्यसत्ता डोंगरात कशी शिरत गेली याचा माग काढला आहे. या बाजूचे म्हणणे असे की, अभ्यासकाचा हेतू कितीही स्वच्छ असो, त्याला पाठवणाऱ्याचा हेतू पुन्हा बंड होऊ नये हा होता. सहानुभूतीने लिहिलेला अहवालही अखेर कचेरीच्या फायलीतच जातो.

तिसरी भूमिका वेगळ्या दिशेने येते. मालवणात जन्मलेले, मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३मध्येच आदिवासींना वेगळे काढून दाखवण्यावर आक्षेप घेतला होता. त्यांचा रोख प्रामुख्याने मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांच्या मांडणीवर होता. आदिवासी हे मागासलेले हिंदूच आहेत आणि वेगळेपण हा अभ्यासक-प्रशासकांनी वाढवलेला प्रकार आहे, असे त्यांचे मत. आदिवासी विचारवंतांना हा निष्कर्ष मान्य नाही. त्यात आपली ओळख पुसली जाते असे ते म्हणतात. तरीही घुर्ये यांच्या आक्षेपाचा एक भाग आजच्या संग्रहालयविषयक चर्चेत टिकून आहे. दालनातल्या पुतळ्यांमधला गोंड नेहमी उत्सवाच्या वेषात असतो. शाळामास्तर, बसवाहक किंवा तलाठ्याच्या कचेरीत रांगेत उभा असलेला शेतकरी म्हणून तो क्वचितच भेटतो.

चौथी भूमिका छायाचित्रातल्या माणसाला सहभागी मानते. एरिएला अझुले यांनी ‘द सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट ऑफ फोटोग्राफी’ (२००८) या पुस्तकात म्हटले की फोटो एकट्या छायाचित्रकाराचा नसतो. ज्याचा काढला त्याचाही त्यावर दावा उरतो आणि पाहणाऱ्यावरही जबाबदारी येते. पिनी यांनीही चित्रात छायाचित्रकाराच्या हेतूबाहेरचे बरेच काही शिल्लक राहते, याकडे लक्ष वेधले आहे. ही भूमिका आदिलाबादला लावली तर मार्लवाईची छायाचित्रे सरकारी पुरावा उरत नाहीत. नातवंडे त्यांत आजोबा ओळखू शकतात, विधीचा चुकीचा खुलासा दुरुस्त करू शकतात, जमिनीच्या दाव्यात ती पुढे ठेवू शकतात.

या चार भूमिकांत पहिल्या दोन जास्त बोलल्या जातात, कारण त्यांच्यात सरळ सामना आहे. मात्र त्यांपैकी कोणतीही दुसरीला पूर्ण खोडू शकलेली नाही. पट्टे मिळाले हे खरे, आणि ते बंड शमवण्याच्या धोरणाचा भाग होते हेही खरे.

कलावंत आणि संस्था

भिंतीवर आपले काम कोण लावणार, हा प्रश्न आदिवासी कलावंतांपुरता नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या पूर्वलक्षी प्रदर्शनाच्या उद्घाटनात अमोल पालेकर यांनी स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्याचा विषय काढला, तेव्हा त्यांना बोलताना अडवले गेले. निर्णय कोण घेते ही चर्चाच दालनाच्या बाहेर ठेवण्याची सवय तेव्हा सगळ्यांना दिसली.

आदिवासी कलावंताच्या वाट्याला हीच अडचण अधिक टोकदारपणे येते. महाराष्ट्रात वारली चित्रकलेचे उदाहरण आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हस्तकला मंडळाच्या कामासाठी भास्कर कुलकर्णी डहाणू भागात गेले आणि भिंतीवरची चित्रे कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर पोहोचले, त्यांना पद्मश्री मिळाली. पण लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनी या यशात मागे पडल्या. मध्य प्रदेशात जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने भारत भवनात आलेले परधान चित्रकार जनगढसिंह श्याम १९८९मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात झळकले आणि २००१मध्ये जपानच्या एका संग्रहालयात काम करत असताना त्यांनी आयुष्य संपवले. त्यानंतर कलावंतांच्या करारांबद्दल, मोबदल्याबद्दल आणि परतण्याच्या मोकळिकीबद्दल देशभर प्रश्न विचारले गेले.

आदिलाबादला संस्थांची मान्यता प्रामुख्याने दोन वाटांनी आली. मार्लवाईचे गुसाडी कलावंत कनक राजू यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४मध्ये ते गेले. इथे एका माणसाचे नाव झाले. उशेगावसारख्या गावांतल्या ओझांच्या ओतीव पितळी कामाला २०१८मध्ये ‘आदिलाबाद डोकरा’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. इथे प्रदेशाचे नाव झाले, कारागिराचे नाही. परधानांची स्थिती याहून वेगळी. त्यांची घरची भाषा मराठी आणि गाणी गोंडीतली. गोंडांची वंशगाथा त्यांच्या मुखात असते, पण ती गाणी ध्वनिमुद्रित झाल्यावर गाणाऱ्याचा हक्क कोणी आणि कसा सांभाळायचा याची घडी बसलेली नाही. कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या प्रयोगाचा हक्क आहे, वनहक्क कायद्यात सांस्कृतिक वैविध्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर सामूहिक हक्क आहे. दोन्ही तरतुदी कागदावर शेजारी बसतात, व्यवहारात त्यांची भेट होत नाही.

कलेतून आलेली उत्तरे

काही समकालीन कलावंतांनी वसाहतकाळातल्या नजरेलाच आपला विषय केले. पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासोबत केलेल्या ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ (२०००–२००४) या मालिकेत त्या स्वतःच मोजमापाच्या चौकटींपुढे उभ्या राहिल्या. पोलिसांनी पाटी देऊन उभ्या केलेल्या संशयित स्त्रियांचे वृत्तपत्रातले छायाचित्रही त्यांनी पुन्हा रचले. मोजणारी आणि मोजली जाणारी एकच झाल्यावर पाहणाऱ्याला आपली जागा तपासावी लागते. रॅक्स मीडिया कलेक्टिव्हने २०११मध्ये राज कोनाईच्या त्याच पंजाला हलते केले. त्याची बोटे काहीतरी मोजू लागतात.

राजुऱ्याजवळच्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते यांचे काम या प्रश्नाला शेजारून भिडते. खाणीने गिळलेली जमीन, यंत्रात मिसळलेली माणसे आणि शेतकऱ्यांच्या शरीरावर उमटलेली कंपनीची छाप हे त्यांचे विषय. हे काम मुंबईच्या क्लार्क हाउसपासून वेल्समधल्या आर्टेस मुंडीपर्यंत गेले. बाहेरच्या अभ्यासकाने गावाचे केलेले चित्रण आणि गावातून निघालेल्या कलावंताने केलेले चित्रण यांतला फरक तपासायला हे उदाहरण उपयोगी आहे. मात्र अशा कामावर एक शंका घेतली जाते: त्याचा प्रेक्षक बहुतांशी महानगरातला असतो. सास्तीचे चित्र सास्तीत पाहता येत नसेल, तर नजर बदलली तरी वाट तीच राहिली.

नव्या काळातली पाळत

आता नोंद करायला झोपडी बांधून राहावे लागत नाही. तेलंगण पोलिसांनी चेहरा ओळखणारी प्रणाली २०१८पासून वापरात आणली, २०२२मध्ये हैदराबादला एकात्मिक नियंत्रण केंद्र सुरू झाले. या प्रणालीला तेलंगण उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. समर्थकांच्या मते गुन्हे उकलायला आणि हरवलेली माणसे शोधायला तिची मदत होते. विरोधक विचारतात की कायद्याचा आधार कोणता आणि चुकीची ओळख पटली तर दाद कुठे मागायची?

डोंगराळ भागात कॅमेरा येतो तो जंगलाच्या वाटेने. कवाल व्याघ्र प्रकल्प २०१२मध्ये घोषित झाला. वाघ मोजण्यासाठी झाडाला बांधलेले कॅमेरे जंगलात जाणाऱ्या माणसांचीही चित्रे घेतात. उत्तराखंडात कॉर्बेट परिसरावर त्रिशांत सिमलाई यांनी केलेल्या आणि २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा कॅमेऱ्यांमुळे आणि ड्रोनमुळे स्त्रियांचे जंगलातले वावरणे बदलल्याचे दिसले. आदिलाबादच्या परिस्थितीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण प्रश्न इथेही विचारण्याजोगा आहे. २०२५मध्ये कुमराम भीमच्याच नावाने संवर्धन राखीव क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि आदिवासींच्या विरोधानंतर ती स्थगित झाली. वन्यजीव अभ्यासक ताडोबा–कवाल मार्ग वाघांसाठी अत्यावश्यक मानतात. गावकऱ्यांना राखीव जंगलाची जुनी आठवण पुरेशी बोलकी वाटते.

अजून न सुटलेले

पहिला न सुटलेला प्रश्न संमतीचा. १९४०च्या दशकात घेतलेल्या चित्रांना आता कोणाची संमती घ्यायची? वंशजांची, ग्रामसभेची की जमातीच्या संघटनेची? दुसरा प्रश्न उघडेपणाचा. संगणकावर सर्वांना खुला असलेला संग्रह गावातल्या मुलालाही मिळतो, तसाच जाहिरात करणाऱ्यालाही. काही विधींची चित्रे सर्वांनी पाहावीत का? ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू समाजासोबत तयार झालेल्या ‘मुकुर्तू’ प्रणालीत कोणती नोंद कोणी पाहायची हे समाज ठरवतो. तिचा अनुभव उत्साहवर्धक आहे, पण समाजांतर्गत मतभेद असले तर काय करायचे हे तिथेही ठरलेले नाही.

तिसरा प्रश्न परत देण्याचा. हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादआधी ज्यांच्यात काम केले त्या नागा समाजात हा विषय पुढे गेला आहे. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२०मध्ये मानवी अवशेष दालनातून काढले आणि नागा प्रतिनिधींशी परतीबाबत संवाद सुरू झाला. छायाचित्राच्या बाबतीत मूळ परत द्यायचे की प्रत पुरे, यावर एकमत नाही. चौथा प्रश्न लिहिणाऱ्यांचा. २००६मध्ये गुंजाळ्यात सापडलेल्या हस्तलिखितांमुळे गोंडीची स्वतंत्र लिपी पुढे आली आणि २०१८मध्ये ती युनिकोडमध्ये दाखल झाली. गोंडांकडे फक्त तोंडी परंपरा होती, म्हणून बाहेरच्याने नोंद करणे भाग होते, हा जुना समज त्यामुळे डळमळला. त्या हस्तलिखितांचे वाचन जसे वाढेल, तसा इतिहासाचा तोलही बदलू शकतो.

एवढ्या वादानंतर चर्चेचा गुरुत्वमध्य सरकला आहे, हे मात्र दिसते. नोंद करणे चांगले की वाईट, यावर पूर्वी भांडण होते. आज बहुतेक पक्ष नोंद राहावी हे मान्य करतात. मतभेद आहे तो तिच्या ताब्याबद्दल आणि तिच्यावर बोलण्याच्या हक्काबद्दल. म्हणून पुढच्या कोणत्याही प्रदर्शनाला लावण्याजोग्या कसोट्याही आता बऱ्याच ठोस झाल्या आहेत. चित्राखाली माणसाचे नाव शोधण्याचा प्रयत्न झाला का? मांडणी ठरवणाऱ्यांत त्या समाजाचे लोक आहेत का? एक प्रत गावात पोहोचली का? आणि एखादे चित्र लावू नका असे गावाने सांगितले, तर ते उतरवण्याची संस्थेची तयारी आहे का? पहिल्या तीन कसोट्यांना होकार द्यायला संस्था हळूहळू तयार होत आहेत. चौथीवर अजून सगळे अडते.